तलवारीला परवाना, तोंडाला बंदी

एखाद्या नटानें रंगभूमीवर यावें, तलवारीचे हात करावे, टाळ्या घ्याव्या; पण भाषणासाठीं त्यानें तोंड उघडतांच पडदा पाडण्यांत यावा, असा नियम जर एखाद्या नाटकमंडळीच्या चालकानें केला, तर प्रेक्षक त्याला वेड्यांत काढतील. हाच नियम जपानी व्हिडिओ गेमच्या धंद्यानें वर्षानुवर्षें पाळला, तेव्हां मात्र त्याला व्यवहारचातुर्य असें भारदस्त नांव मिळालें. या चातुर्याचा एक नमुना आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों. एसएनके कंपनीनें १९९७ सालीं काढलेला ‘शिन्सेत्सु सामुराई स्पिरिट्स: बुशिदो रेत्सुदेन’ हा तो खेळ. त्याची इंग्रजी आवृत्ति कंपनीनें काढली नाहीं. अमेरिका व युरोप येथील बाजारांत तो ठेवला नाहीं. ज्याला तो हवा असेल त्यानें जपानांतून मागवावा आणि न समजणाऱ्या अक्षरांकडे पाहत बसावें, अशी व्यवस्था झाली. ही व्यवस्था त्या वेळींच चुकीची होती, आणि आज पाव शतक उलटून गेल्यावर ती तशीच चालूं ठेवण्याला तर कसलेंहि समर्थन उरलेलें नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ज्यांचा या विषयाशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडी पूर्वपीठिका सांगणें अवश्य आहे. १९९३ सालीं याच कंपनीनें ‘सामुराई स्पिरिट्स’ नांवाचा द्वंद्वयुद्धाचा खेळ काढला. पाश्चात्य बाजारांत तो ‘सामुराई शोडाउन’ या नांवानें गेला व चांगला गाजला. काळ अठराव्या शतकाच्या अखेरीचा, जपानांतील तेन्मेई वर्षांचा. समोरासमोर दोन योद्धे. दोघांच्या हातीं शस्त्र. आणि एक नेमका वार बसला कीं अर्धी लढाई संपली. अशा खेळाला भाषा लागत नाहीं. कुस्तीच्या फडांत दुभाष्या नेमावा लागत नाहीं, तसेंच हें. आमच्याकडे व्हिडिओ गेमच्या पार्लरांत याच कंपनीच्या ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ या खेळाच्या कळा ज्या मुलांनीं झिजविल्या, त्यांना जपानी कोठें येत होतें? नाणें टाकलें कीं काम भागत होतें.

मग १९९७ सालीं कंपनीला बुद्धि झाली कीं, या योद्ध्यांना फडाबाहेर काढून त्यांचें चरित्र सांगावें. फायटिंग गेममधील पात्रें घेऊन तिनें रोल-प्लेइंग गेम रचला. येथें हाओमारू, नाकोरुरू, गॅलफर्ड, उक्यो, गेन्जुरो आणि चामचाम या सहांपैकीं एकाला नायक म्हणून निवडावयाचें, त्याच्याबरोबर गांवोगांव हिंडावयाचें, भेटेल त्याच्याशीं बोलावयाचें, आणि लढाई आली म्हणजे ती पाळीपाळीनें, विचार करून लढावयाची. खेळाचे दोन खंड आहेत. त्यांतील पहिला अमाकुसा या पुनरुज्जीवित मांत्रिकाच्या संकटाचा आहे. ‘रेत्सुदेन’ या शब्दाचा अर्थच चरित्रावली. चिनी इतिहासकार सिमा छिएन यानें आपल्या बखरींत जो चरित्रविभाग घातला त्याचें हें नांव, तेथून जपानींत आलेलें. तेव्हां नांवावरूनच कर्त्यांचा हेतु उघड होता. फडावर चार वर्षें गाजलेले हे लोक कोण, कोठले, कशासाठीं शस्त्र घेऊन निघाले, हें त्यांना सांगावयाचें होतें. खेळ निओ जिओ सीडी, सेगा सॅटर्न आणि प्लेस्टेशन अशा तीन यंत्रांवर निघाला. आणि नेमक्या याच वेळीं, म्हणजे या वीरांना वाचा फुटली त्याच वेळीं, त्यांचा परदेशचा परवाना रद्द झाला.

यांत गेलें काय, असें कोणी विचारील. एकच उदाहरण देतों. तचिबाना उक्यो हा या मालिकेंतील एक कृश, देखणा तलवारबाज. लढतां लढतां तो खोकतो, आणि तोंडावाटे रक्त पडतें. फायटिंग गेममध्यें एवढेंच दिसतें. खेळणारा मुलगा त्या खोकल्यांत संधि पाहून वार करतो, आणि तें योग्यच आहे. पण उक्यो क्षयानें मरणोन्मुख आहे; केई नांवाच्या तरुणीवर त्याचें अव्यक्त प्रेम आहे; तिच्यासाठीं एक अलौकिक फूल शोधीत तो हिंडतो आहे; आणि आपल्या हातीं किती दिवस आहेत याची त्याला पुरती जाणीव आहे, हें सांगावयाला शब्दच लागतात. खोकला सगळ्या जगाला कळला. तो मनुष्य कोणासाठीं झुरतो आहे हें जपानी वाचणाऱ्यांनाच कळलें. तीच गोष्ट हाओमारू आणि गेन्जुरो यांची. दोघे एका गुरूचे शिष्य, आणि एकमेकांचे हाडवैरी. दोन गुरुबंधूंचें वैर ही महाभारतापासून आपल्या ओळखीची वस्तु आहे. फडावर त्या वैराच्या फक्त ठिणग्या दिसतात. जळण कोठें सांठलें होतें तें दिसत नाहीं.

आणि गॅलफर्डची गोष्ट तर विनोदाची आहे. हा निंजा अमेरिकन आहे! सान फ्रान्सिस्कोहून तो आपल्या कुत्र्यासह जपानांत आला, असें कर्ते सांगतात. ज्या काळीं सान फ्रान्सिस्को म्हणजे १७७६ सालीं वसविलेलें एक स्पॅनिश ठाणें व शेजारचें ख्रिस्ती मिशन एवढेंच होतें, त्या काळचा हा अमेरिकन. पण असल्या गोड चुकांबद्दल आम्ही कर्त्यांशीं भांडणार नाहीं. आमचें भांडण निराळें आहे. सहा नायकांत एक अमेरिकन घातला, त्याचें चरित्र लिहिलें, आणि तें अमेरिकेलाच सांगितलें नाहीं. चामचाम ही रानांत वाढलेली मुलगी दक्षिण अमेरिकेची. म्हणजे सहांपैकीं दोन चरित्रें अमेरिका खंडांतील माणसांचीं, आणि दोन्ही त्या खंडाला बंद.

आतां व्यवहारचतुर मंडळींचा कोटिक्रम पाहूं. ते म्हणतात, द्वंद्वयुद्धाचा ग्राहक वाचणारा नसतो. त्याच्यापुढें पानेंच्या पानें संवाद ठेवून काय उपयोग? भाषांतराचा खर्च कोठून भरून निघावा? यांतील एक गोष्ट आम्ही मान्य करतों. निओ जिओ सीडी हें यंत्र पश्चिमेंत फारसें खपलें नाहीं, आणि सॅटर्नची अमेरिकेंतील अवस्था १९९७ सालीं अशी होती कीं, सेगाच्या तेथील प्रमुखांनींच सॅटर्न हें आमचें भवितव्य नव्हे असें जाहीर सांगून टाकलें. त्या दोन यंत्रांसाठीं कोणी भाषांतराचा खर्च केला नाहीं तर त्याला दोष देणें कठीण. पण प्लेस्टेशनचें काय? तें यंत्र तेव्हां जग जिंकीत होतें. याच मालिकेचा तिसरा खेळ, जो केवळ मारामारीचा होता, तो प्लेस्टेशनवर पश्चिमेंत विकला गेलाच. आणि ग्राहक वाचीत नाहीं असें म्हणावें तर त्याच १९९७ च्या सप्टेंबरांत ‘फायनल फँटसी ७’ अमेरिकेंत उतरला. तोहि जपानी, तोहि रोल-प्लेइंग, तोहि संवादांनीं खच्चून भरलेला. आणि त्याचें इंग्रजी भाषांतर तर घाईचें व सदोष असल्याची तक्रार त्याचे भक्तसुद्धां करीत आले आहेत. तरी लक्षावधि अमेरिकनांनीं तो वाचून काढला. ज्या वर्षीं वाचकांची रांग दुकानापुढें उभी होती, त्याच वर्षीं वाचक नाहीं म्हणून पुस्तक कपाटांत कुलुपबंद करण्यांत आलें!

दुसरें म्हणणें असें कीं, हा विषयच फार जपानी. परक्याला तो रुचणार नाहीं. ही समजूत इतकी सोज्ज्वळ दिसते कीं, ती कधीं कोणीं तपासलीच नाहीं. काळानें ती तपासली. १९९४ चा ‘लाइव्ह अ लाइव्ह’ जपानांतच राहिला होता. २०२२ सालीं तो नव्या रूपांत जगभर निघाला व लोकांनीं आवडीनें घेतला. १९९५ चा ‘सेइकेन देन्सेत्सु ३’ २०१९ सालीं म्हणजे २४ वर्षांनीं अधिकृत इंग्रजींत आला. २०१४ चा ‘र्‍यू गा गोतोकु इशिन’ तर एदो राजवटीच्या अखेरच्या धामधुमीवरचा, यापेक्षां जपानी विषय तो कोणता? तोहि २०२३ सालीं सगळीकडे गेला. आणि २०२० सालीं सकर पंच या अमेरिकन मंडळींनीं तेराव्या शतकांतील एका सामुराईची कथा ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या खेळांत मांडली, तेव्हां पहिल्या ३ दिवसांतच तिच्या २४ लाखांहून अधिक प्रति खपल्याचें सोनीनें जाहीर केलें. सामुराई परक्यांना रुचत नाहीं म्हणतां म्हणतां परक्यांनींच सामुराई करून विकला! ‘फार जपानी’ हा आक्षेप खऱ्या ग्राहकानें कधीं घेतलाच नव्हता. तो विक्रेत्यानें ग्राहकाच्या नांवावर घेतलेला होता.

पण या प्रश्नाला बाजाराहून मोठी एक बाजू आहे. पहिल्या खंडांतील अमाकुसा ही निव्वळ कल्पनेंतली व्यक्ति नव्हे. १६३७-३८ सालीं शिमाबारा येथें करांनीं गांजलेल्या शेतकऱ्यांनीं, ज्यांत ख्रिस्ती पुष्कळ होते, जें बंड केलें, त्याचा मिसरूड न फुटलेला पुढारी अमाकुसा शिरो. हारा किल्ल्यांत हजारों माणसें कापलीं गेलीं. अमाकुसाहि मारला गेला. जपानांत ख्रिस्ती धर्माचें बीं पडलें तें १५४९ सालीं गोव्याहून निघालेल्या फ्रान्सिस झेवियरच्या हातून. त्याचा देह आजहि जुन्या गोव्यांत आहे. म्हणजे ज्या वाटेच्या एका टोकाला गोवें आहे, तिच्या दुसऱ्या टोकाला हा किल्ला आहे. त्या हरलेल्या पोराला दीडशें वर्षांनंतर कबरेंतून उठवून जगाचा शत्रु करणें, ही कल्पना जेत्यांच्या बखरीची री ओढणारी आहे, कीं जेत्यांनीं केलेल्या अन्यायाचें भूत पुन्हां उभें करणारी आहे? दोन्ही अर्थ संभवतात. पण याचा निर्णय पात्राच्या तोंडीं कोणतीं वाक्यें घातलीं आहेत यावर होणार. झग्याच्या रंगावर नव्हे.

नाकोरुरूचेंहि तेंच. ही मुलगी आइनू, म्हणजे जपानच्या उत्तरेकडील मूळच्या लोकांपैकीं. तिच्या डावपेचांच्या नांवांतसुद्धां आइनू शब्द घातले आहेत. या लोकांना ‘संरक्षण’ देण्याच्या मिषानें जपानी करून टाकणारा १८९९ चा कायदा रद्द होऊन त्यांच्या संस्कृतीच्या संवर्धनाचा कायदा मंजूर झाला तो १९९७ च्या मे महिन्यांत, म्हणजे हा खेळ निघाला त्याच वर्षीं. मूळचे लोक अशी कायद्यानें मान्यता मिळावयाला तर २०१९ साल उजाडावें लागलें. अशा वेळीं एका बहुजनप्रिय जपानी खेळांत आइनू मुलीला नायिका करून तिला बोलतें केलें गेलें. तें चित्र खरें आहे कीं बाजारी, तिच्या लोकांविषयीं आदर दाखविणारें आहे कीं त्यांचा पोषाख तेवढा उसना घेणारें, यावर वाद व्हावा, कडाक्याचा व्हावा. आम्हांला स्वतःला दुसरी शंका अधिक येते. पण वादाला आधी मजकूर लागतो. मजकुरावर कुलूप आणि वादाला आमंत्रण, हें कोठलें औदार्य?

येथें आमच्या वाचकांपैकीं कोणी गृहस्थ म्हणतील, हा पोरांचा खेळ. त्यासाठीं एवढा खटाटोप कां? त्यांना एवढेंच सुचवितों कीं, अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टीहि एके काळीं पोरांच्या आणि रिकामटेकड्यांच्या गोष्टी समजल्या जात. कृष्णशास्त्री चिपळूणकरांना तसें वाटलें नाहीं म्हणून आपल्या पणजोबांना त्या मराठींत वाचावयास मिळाल्या. आणि शास्त्रीबोवांनीं त्या आणल्या इंग्रजीच्या वाटेनें. परदेशची पुष्कळशी सामुग्री आजहि त्याच वाटेनें आपल्याकडे येते. इंग्रजीचें दार बंद केलें कीं मराठीचेंहि आपोआपच बंद होतें. तेव्हां हा तंटा जपानी दुकानदार आणि अमेरिकन गिऱ्हाईक यांच्यापुरताच आहे अशा भ्रमांत कोणी राहूं नये.

विक्रेत्यांपेक्षां आम्हांला अधिक राग येतो तो एका वर्गाचा, आणि तो वर्ग रसिकांत मोडतो म्हणून अधिकच. हे संग्राहक. जपानांतून मागविलेली, इतरांना न समजणारी वस्तु आपल्या फडताळांत आहे यांतच त्यांची धन्यता. खेळाची गोडी त्याच्या अप्राप्यतेंत आहे, भाषांतर झालें कीं तो सामान्य होईल, असें हे लोक गंभीरपणें सांगतात. आम्ही म्हणतों, जी गोष्ट लोकांना समजतांच सामान्य होते ती मुळांतच सामान्य होती. आणि जी सामान्य नाहीं ती समजल्यानें होणार नाहीं. सोंवळ्यांत ठेवलेल्या पोथीला वाळवी लागते, हें आमच्या जुन्या घराण्यांना सांगावयास नको. या क्षेत्रांतहि वाळवी लागलेलीच आहे: व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, अमेरिकेंत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के आज तेथें अधिकृतपणें विकतच मिळत नाहींत. निघालेल्यांची ही दशा, तर जे निघालेच नाहींत त्यांचा वाली कोण? एसएनकेनें २०२० सालीं या मालिकेचे जुने खेळ एकत्र करून संग्रह काढला. त्यांत पूर्वीं कधींहि न निघालेली पांचव्या खेळाची एक आवृत्तिसुद्धां शोधून घातली. पण ही चरित्रावली घातली नाहीं. कां, तर ती बोलते!

अलीकडे एक नवा पक्ष निघाला आहे. तो म्हणतो, आतां मोबाइल फोन पडद्यासमोर धरला कीं भाषांतर होतें, रडतां कशाला? फोनच्या या कौशल्याची आम्ही थट्टा करीत नाहीं; दुकानाची पाटी वाचावयाला तें पुरेसें आहे. पण या खेळांतील माणसें जुन्या वळणाचें जपानी बोलतात. त्या भाषेंत ‘मी’ म्हणावयाला एक शब्द नाहीं; सामुराईचा ‘सेश्शा’ वेगळा, रांगड्या गड्याचा ‘ओरे’ वेगळा, म्हाताऱ्याचा ‘वाशी’ वेगळा; आणि कोण कोणापुढें कोणता शब्द वापरतो यांतच निम्मा स्वभाव प्रकट होतो. यंत्र या सगळ्यांना एकच ‘आय’ देऊन मोकळें होतें. इंग्रजीची ही अडचण समजण्यासारखी आहे. पण ‘तूं’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या पायऱ्या ज्या भाषेंत रोज चढाव्या-उतराव्या लागतात, जिच्यांत वैऱ्याला ‘अरे’ वरून एकदम ‘अहो’ म्हटलें कीं तो अधिक चिडतो, त्या मराठींत हे संवाद इंग्रजीपेक्षां किती तरी जिवंत उतरतील! कोणी जपानी जाणणारा मराठी तरुण हें काम मनावर घेईलहि. परंतु त्यानें तें छापलें, तर कायद्यानें तो अपराधी ठरेल.

आणि येथेंच आमची खरी मागणी आहे. भाषांतराचा हक्क मालकाचा, हें तत्त्व आम्हांला मान्य आहे. लेखकाचें पोट त्यावर चालतें. पण हक्क वापरावयाचा नाहीं आणि दुसऱ्यालाहि वापरूं द्यावयाचा नाहीं, ही मालकी गोठ्यांतील गवतावर बसलेल्या कुत्र्याची आहे. गंमत अशी कीं, हें जपानला आम्हीं शिकविण्याची गरज नाहीं. १८९९ सालीं जपान बर्नच्या आंतरराष्ट्रीय करारांत सामील झाला. पण परक्या ग्रंथाचें प्रसिद्धीपासून १० वर्षांच्या आंत जपानी भाषांतर निघालें नाहीं, तर पुढें तें कोणींहि करावें, असा नियम त्यानें आपल्या कायद्यांत ठेवला होता. १९७० पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांना तो लागू होता. या नियमाच्या आधारानें युरोप-अमेरिकेचे ग्रंथ जपानी वाचकाच्या घरांत आले, आणि त्यांचा त्यानें मनमुराद उपयोग करून घेतला. ज्या देशानें दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठीं दहा वर्षें पुरेशीं मानलीं, त्याच देशाची कंपनी स्वतःच्या खेळावर पाव शतकाहून अधिक काळ बसून राहते, याला काय म्हणावें? आपल्या देशाच्या १९५७ च्या कायद्यांतहि, सात वर्षांत भाषांतर न निघालेल्या ग्रंथाचें भाषांतर, मालकाला योग्य मोबदला देऊन, परवान्यानें करण्याची सोय आहे. ग्रंथाला जें लागू तें संवादप्रधान खेळाला लागू करावें. दहा वर्षें नाहीं तर पंधरा घ्या. मोबदला ठरवा, तो मालकाच्या हातीं पोंचवा. पण मुदत संपल्यावर कोणत्याहि भाषेच्या भाषांतरकाराला मोकळें करा.

ही मागणी हवेंतली नव्हे. हौशी भाषांतरकार आजहि हें काम चोरपावलांनीं करीतच आहेत, आणि पुष्कळदां उत्तम करीत आहेत. निन्टेन्डोचा ‘मदर ३’ २००६ सालीं निघाला; दोन वर्षांनीं हौशी लोकांनीं त्याचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर फुकट लोकांपुढें ठेवलें. ‘सेइकेन देन्सेत्सु ३’ चें अधिकृत इंग्रजी यावयाच्या १९ वर्षें आधीं हौशी इंग्रजी आलेलें होतें. ज्या कामाला मानधन मिळावें, नांव मिळावें, तें रात्रीं जागून, टोपणनांवाखालीं, वकिलाच्या नोटिशीची धास्ती घेऊन करावें लागतें. आणि मालक? जुनी एसएनके २००१ सालीं दिवाळखोरींत गेली. तिचा वारसा फिरत फिरत २०२२ सालापर्यंत एका सौदी प्रतिष्ठानाच्या हातीं आला, आणि कंपनीचे शेंकडा ९६ भाग त्याच्याकडे गेले. एका जुन्या खेळाच्या भाषांतरापुरते पैसे त्या तिजोरींत नाहींत, असें तिचा वैरीहि म्हणणार नाहीं.

कायदा आहे तसाच राहिला, तर १९९७ च्या या खेळावरील हक्क जपानांत २०६७ सालाच्या अखेरीस संपेल. त्यानंतर १ जानेवारी २०६८ रोजीं, कोणाचीहि परवानगी न मागतां, गॅलफर्ड आपल्या सान फ्रान्सिस्कोच्या लोकांना आपण जपानांत कशासाठीं गेलों होतों हें सांगूं शकेल.